उजव्या पायाचं माप

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

बूट घ्यायचेत. त्रेसष्टाव्या वर्षी, आणि तेही एकट्यानं!

विद्याधर आज मागेच लागला. मुलुंडच्या आमच्या बागेत सकाळी सहा-सातजण गोल फिरतात, त्यांचा हा पुढारी. "बळवंत, तीस तारखेला सगळे कान्हेरीला चाललोय. बोरिवलीच्या गेटपासून वर चालत, परत चालत. येतोस ना?" मी लगेच हो म्हटलं. सुलक्षणा जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून मला कुणी कुठं 'ये' म्हटलेलं नाही.

मग त्यानं माझ्या चपलांकडे बघितलं. "हे घालून नाय हां. नीट बूट घे. आणि तुला शुगर आहे. पायाला फोड दिसला तर घरी बसवीन, सांगून ठेवतो."

डॉक्टरही हेच म्हणतात. फोड आला की चिघळतो.

५ नोव्हेंबर

सापडलं! माळ्यावर, सुलक्षणाच्या पत्र्याच्या डब्यात. जुन्या कॅलेंडरचं पान. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं काढलेला पाय. वर तिच्या अक्षरात 'उजवा'. दुसऱ्या बाजूला तारखा, दूध, गॅस. नेहमीचंच.

लग्नानंतर मी बुटांच्या दुकानात पाऊल ठेवलं नाही. ती कागदावर उभं करायची, गुडघ्यांवर बसून पायाभोवती पेन्सिल फिरवायची. मला गुदगुल्या व्हायच्या. "अहो, हलू नका. पेन्सिल सरकते." कागद घेऊन जायची, बूट घेऊन यायची. कधी एक बूट चावला नाही.

पट्टी लावली. पंचवीस सेंटीमीटर, दोन मिलिमीटर. साकीनाक्याच्या वर्कशॉपात तेहतीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. ड्रॉइंगवर असेल तसाच जॉब, म्हणजे बनवलेला भाग, हवा. नसेल तर रिजेक्ट. एवढं सोपं.

६ नोव्हेंबर

सकाळी दुकान उघडताच गेलो. मुलगी होती, छातीवर नाव: रुचिका. कागद दिला. ती कागदाकडे बघते, माझ्याकडे बघते!

"काका, पाय घालून बघा ना."

"माप आणलंय."

"तसं नाय काका. आणि खरं तर संध्याकाळी या. दिवसभरात पाय जरा फुगतो, माप तेव्हाच बघायचं असतं. पुढे अंगठ्याला जागा पाहिजे. नायतर उतारावर वाट लागते."

मी तिला ड्रॉइंग म्हणजे काय यावर व्याख्यान दिलं. ती बिचारी हसली आणि कागदावर तळवा ठेवून सात नंबरचे बूट काढून दिले. तपकिरी, घोट्यापर्यंत, खाली जाड नक्षीचा तळ. झकास!

पाय न घालण्याचं खरं कारण इथंच लिहितो. माझ्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. घरात शिवणारं कुणी नाही, हे त्या पोरीला कशाला दाखवा?

९ नोव्हेंबर, रविवार

विद्याधर म्हणतो, नवे बूट आधी घरात रुळवायचे. हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत अकरा पावलं. आज शंभर खेपा. चावतात. नवा बूट चावतोच.

खालच्या बाईंनी वर येऊन विचारलं, "काका, काही ठोकताय का?" त्यांना आत बोलवावं, चहा द्यावा, असं मनात होतं. "नाही" म्हणालो आणि दार लावलं. असा मी.

१३ नोव्हेंबर

टाचेकडच्या कडेला खोबरेल तेल चोळलं. दोन मोजे घातले, आत पातळ, वर जाड. आणखी घट्ट!

१६ नोव्हेंबर, रविवार

सरावाला सगळे टेकडीच्या पायथ्यापर्यंत गेलो. जाताना गप्पा, कुणाच्या तरी डब्यातली थालीपिठं, मजा. इतक्या दिवसांत मी एवढं बोललो नव्हतो. येताना पाय ओढत आलो. कुणाला कळू नये म्हणून मागे राहिलो. विद्याधर थांबलाच. "बूट काढ." काढला. मोजा टाचेला चिकटलेला.

"तीस तारीख विसर, बळवंत."

रागावून बोलला असता तर बरं वाटलं असतं. तो हळू बोलला.

१७ नोव्हेंबर

स्वतःची टाच स्वतःला दिसत नाही. तिचा हातातला आरसा जमिनीवर ठेवला, त्यात बघून मलम लावलं. अर्धं लादीला लागलं. बघायला एक माणूस लागतं, बस.

माणूस आहे. तासाभरावर, मालाडला. माझा मुलगा, निलेश. सुलक्षणाच्या शेवटच्या दिवशी तो कामावरून निघून हॉस्पिटलात पोचला, तेव्हा सगळं आटपलं होतं. तेराव्याला चार पाहुण्यांसमोर मी म्हटलं, "आईला उशीर केलास. आता बापाकडे येऊच नकोस."

तो आला नाही. लहानपणी एक शब्द ऐकायचा नाही. हा नेमका ऐकला!

चूक माझी होती. हे आज पहिल्यांदा लिहितोय.

२३ नोव्हेंबर, रविवार

फोड सुकतोय. आज वर्तमानपत्र पसरून त्यावर उभा राहिलो. वाकून पेन्सिल फिरवणं जमेना. शेवटी पुढे-मागे दोन खुणा केल्या. सव्वीस सेंटीमीटर, चार मिलिमीटर.

बारा मिलिमीटरचा फरक! वयानं पाय पसरतो, मान्य. पण एवढा? तेहतीस वर्षं लोकांचे जॉब रिजेक्ट केले आणि स्वतःचा पाय एकदा मोजला नाही. सुलक्षणा मापात चुकणारी नव्हती.

३० नोव्हेंबर, रविवार

ते सगळे आत्ता कान्हेरीला पोचले असतील.

कॅलेंडरचं पान उलटून पहिल्यांदा नीट वाचलं. जून २०१४. चौदा तारखेच्या चौकोनात, दुधाच्या आकड्यांखाली: 'निलेश – एनसीसीचे बूट'. पाय त्याचा होता.

फोन केला. उचलला.

"तुला बूट घेतलेत," म्हटलं. "तुझ्या मापाचे. आईनं माप ठेवलं होतं."

मग म्हणाला, "कधी येऊ?"

"संध्याकाळी ये. माप संध्याकाळी बघायचं असतं."