बाहुलीच्या बारशाच्या घुगऱ्या

अंबरनाथ,
डिसेंबर १९९१

तीर्थस्वरूप बकुळाआत्यास कुंदाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमची कंबर आता कशी आहे? आम्ही सगळे खुशाल. माझी पाठ तेवढी अजून ठणकते आहे. (कारण ऐकलंत तर तुम्हीही वर एक धपाटा घालाल.)

तुम्ही शिवून दिलेली चिंध्यांची बाहुली घेऊन मी दर गुरुवारी बुवापाड्यातल्या आयांना शिकवायला जाते. आमच्या लहान मुलांच्या वॉर्डातून मलाच धाडतात. तान्ह्या बाळाच्या घशात काही अडकून श्वास कोंडला, तर त्याला हातावर पालथं घ्यायचं, डोकं खाली, आणि खांद्यांच्या मधोमध तळव्याने पाच ठोके द्यायचे. पण बाहुलीला हात लावायला कोणी तयार होईना. तिथे कौसाबाई म्हणून एक सासूबाई आहेत, त्यांना विचारल्याशिवाय पाड्यात कुकरची शिट्टी होत नाही. त्या म्हणाल्या, "शिष्टर, बिननावाच्या पोरीला कोन मारनार? आधी बारसं करा." झालं, सगळ्यांनी माना डोलावल्या. 'वर बघ' म्हणायचं आणि घशात बोट घालायचं, एवढा उपाय त्यांना पिढ्यान्‌पिढ्या पुरत आला होता.

मग केलं बारसं. (नोकरीत काय काय करावं लागतं!) टोपलीचा पाळणा, कुंची, गालावर तीट, आणि आत्या मी. बाहुलीच्या कानात 'कुर्र' करून 'बकुळा' म्हटलं मात्र (होय, तुमचंच नाव), रीतीप्रमाणे मागून पाठीत धपाधप धपाटे बसायला लागले. धुणी आपटून तयार झालेले हात ते. मी कळवळून ओरडले, "अहो, खांद्यांच्या मधोमध, तळव्याने!" आणि आत्या, त्यांनी अगदी तस्सेच घातले. वर्षभर जो धडा बाहुलीवर जमला नाही, तो माझ्या पाठीवर जमला.

पाठोपाठ घुगऱ्या वाटल्या. घशात काय अडकतं हे शिकवायच्या वर्गात उकडलेले हरभरे, आणि बारशाच्या भरात मलाही त्याचं काही वाटलं नाही. कौसाबाईंचा दहा महिन्यांचा नातू रांगत आला आणि सांडलेला एक हरभरा त्याने तोंडात टाकला. आवाजच बंद. रडणं नाही, खोकला नाही, ओठ काळेनिळे. मी पाळण्याच्या पलीकडे, मध्ये बायकांची भिंत. कौसाबाई बोट घालणार, तोच त्यांची सून सोनी, जी सासूपुढे कधी मान वर करत नाही, तिने तो हात झटकला, पोराला पालथं घेतलं आणि दिले ठोके. चौथ्याला हरभरा उडाला तो थेट कौसाबाईंच्या मांडीवर. पोराने असा टाहो फोडला म्हणून सांगू! इतकं गोड रडणं मी नोकरीत ऐकलं नव्हतं. मीही रडून घेतलं. नंतर डॉक्टरांना दाखवलं, पोर ठणठणीत आहे.

कौसाबाईंनी हरभऱ्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सोने, मला बी दाखव कसं केलंस ते." जिंकले, आत्या. आता त्या बाहुली काखोटीला मारून घरोघर शिकवत फिरतात, आणि ठोके चुकले तर शिव्याही देतात.

तुमची,
कुंदा

ता. क. बाहुली परत मिळत नाही. नाव ठेवलेली लेक अशी धाडत नाहीत म्हणे. तेव्हा दुसरी शिवा, पाठ जरा भक्कम.

आणखी ता. क. रविवारी तुमच्या नातवाचं बारसं. घुगऱ्या खुशाल करा, पण त्याची थोरली बहीण राही अजून दोन वर्षांची नाही. तिच्या हाती एकही अख्खा हरभरा लागता कामा नये. 'आमच्याकडे असंच चालत आलंय' असं काही म्हणालात, तर मी एकटी येणार नाही. कौसाबाईंना विचारून ठेवलं आहे, त्या तयार आहेत.