पांढऱ्या कपाळाचे उंदीर

॥ श्री ॥

मु. अष्टमी, ता. रोहा
२० मार्च २०२५

ती. गिरजाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

शिमग्याच्या तुझ्या पुरणपोळ्यांनी माझी कंबर अशी काही वाढवली आहे की घरमालकीण रोहिणीकाकू विचारतात, पेणला गेली होतीस की माहेरपणाला.

तू विचारलं होतंस की मी प्रयोगशाळेत दिवसभर उंदरांचं करते तरी काय. तू गणपतीच्या पायाशी बसवायला मातीचे करतेस, मी जिवंत सांभाळते, एवढाच फरक. तुझ्यांना मोदक तरी मिळतो. माझ्यांना रोज तेच कोरडं खाद्य.

सध्या आमच्याकडे काळ्या उंदरांचं एक घराणं आहे. आईबापांकडून पिल्लांकडे जाणाऱ्या त्यांच्या एका जनुकात बारीकसा बदल झालाय. तेवढ्यानं कपाळावर पांढरा टिळा, पोटावर पांढरा डाग, शेपटीचं टोकही पांढरं. दिसतात मोठे गोड. पण त्यातल्या काहींना जन्मापासून ऐकू येत नाही. अंगाला रंग देणाऱ्या पेशी कानाच्या आतही लागतात. त्या तिथवर पोचल्या नाहीत की कान नीट चालत नाही.

हे फोनवर सांगितलं नाही, कारण तुमच्याकडे सगळ्यांचे हात मातीचे, फोन कायम स्पीकरवर, आणि अख्खा कारखाना माझं बोलणं ऐकणार. आत्या, नितेशदादा-पूजावहिनीच्या शकूच्या कपाळावर तशीच पांढरी बट आहे. दोन वर्षांची होऊन गेली तरी ती बोलत नाही. मी मागून हाका मारल्या, तिनं वळून पाहिलं नाही. बट असली की बहिरेपण असतंच असं नाही, आणि माणूस काही उंदीर नव्हे. पण नितेशदादाला सांगून एकदा तिचे कान तपासून घे. मला फार काळजी वाटतेय.

रागावलीस तरी माझ्या वाटणीची माया कमी करू नकोस.

तुझी भाची,
दर्शना

पेण
२६ मार्च २०२५

चि. दर्शनास,
गिरजाआत्याचे अनेक आशीर्वाद.

शिकलीस, मोठी झालीस, आणि माझ्या नातीला उंदरांच्या पंगतीला बसवलंस! अगो, ती बट माझ्या सासूबाईंची. पणजीचं रूप घेऊन आली म्हणून तर पोरीचं नाव शकू ठेवलं. आणि हाकेला ओ न देणं हा तर त्या घराण्याचा तोराच. सासूबाई कधी पहिल्या हाकेला वळल्या नाहीत.

तरीपण तुझं मन राखायला मी लगेच परीक्षा घेतली. शकू नेहमीसारखी आमच्याजवळ फळीवर बसली होती. मी तिच्या पाठीमागे शाडूचा गोळा आपटला. झटकन वळली! नितेशनं साचा ठोकला, पुन्हा वळली. असा तिखट कान तुझ्या कुठल्या उंदराचा असेल तर सांग.

पूजाला मात्र हे पटेना. ती म्हणाली की मलाही कधीपासून वाटतंय, पण बोलले तर तुम्ही सगळी हसता. मी तिला दटावलं की पोरीला काय झालेलं नाय, उगाच भलतंसलतं मनात आणू नको गो. तू आता माझ्या सुनेला घाबरवू नकोस.

राग आहे, पण मायेला धक्का नाही.

तुझी,
गिरजाआत्या

मु. अष्टमी, ता. रोहा
३१ मार्च २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

परीक्षेत शकू नाही, तू नापास झालीस. नवीन असताना मीही अगदी हेच केलं होतं. पिंजऱ्याशेजारी टेबलावर डबा आपटला, उंदीर दचकला, आणि मी खुशाल जाहीर केलं की याला ऐकू येतं. आमच्या मॅडम हसल्या. म्हणाल्या, आवाज त्याच्या कानांना कळला की हादरा पायांना? आता आम्ही टेबलाला हात न लावता हवेत टाळी वाजवतो आणि कानाची पाळी हलते का बघतो.

तुमच्या कारखान्यात गोळा आपटला की फळी हलते, आणि शकू त्याच फळीवर बसलेली. तिला आतल्या खोलीत गोधडीवर बसव, खेळात रमू दे. मग मागून, सावली पडणार नाही अशी, आरतीची घंटा वाजव. ती वळली तर मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, मी आनंदानं खाईन.

पूजावहिनीला जवळ घे. तुझा लोभ मला हवाच आहे, पण आधी तो तिला दे.

तुझी,
दर्शना

पेण
५ एप्रिल २०२५

चि. दर्शनास आशीर्वाद.

घंटा वाजवली. मग झांज वाजवली. शेजारच्या इंदुबाई आरती समजून हात जोडून धावत आल्या. गल्लीतली कुत्री भुंकली. शकू गोधडीवर पळीशी खेळत बसली होती, तशीच बसून राहिली.

मला रडू आवरेना. पूजानंच मला धरलं. म्हणाली की आई, आता कळलंय ना, मग रडायचं नाय. सोमवारी अलिबागला कानाच्या डॉक्टरांकडे नेतोय. देवाजवळ बस जरा आमच्यासाठी.

तुझी,
गिरजाआत्या

पेण
२२ जून २०२५

चि. दर्शनास अनेक अनेक आशीर्वाद.

शकूच्या दोन्ही कानांना ऐकण्याची यंत्रं बसली. थोडं ऐकणं शिल्लक आहे, ते यंत्रानं वाढेल, असं डॉक्टर म्हणाले होते. पण पोर यंत्र लावलं की रडे, काढून फेके. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या धीर धरा. महिनाभर आम्हाला कळेचना की हिला काही ऐकू येतंय की नुसतंच कानात टोचतंय. मी तर मनातून आशा सोडली होती.

काल दुपारी एका कानातलं यंत्र गायब! साचे उलटे केले, रंगाचे डबे हुडकले, नितेशनं माझी पानाची चंची देखील झटकली. ते यंत्र कशाखाली दबलं की बारीक शिट्टी मारतं, म्हणून पूजानं सगळ्यांना जागच्या जागी गप्प उभं केलं. आम्ही कान टवकारले. काही नाही. आमच्या कारागीर भरतला सर्वांत चांगलं ऐकू येतं, पण त्यालाही काही ऐकू येईना.

तेवढ्यात शकू खेळता खेळता थांबली. दुसऱ्या कानातलं यंत्र जागेवरच होतं. मान वाकडी करून उभी राहिली. मग हळूहळू मातीच्या ढिगाकडे गेली, एका गोळ्यापुढे उकिडवी बसली आणि यंत्र असलेला कान त्याला लावून आमच्याकडे बघून हसली. नितेशनं गोळा फोडला. यंत्र आतच होतं, कार्टीनंच थापून ठेवलेलं, आणि विसरून गेलेली. आता पुसून वाळवलंय, चालतंय.

गणपतीला चार दिवस आधीच ये. आमचा लोभ पत्रात मावत नाही.

कारखान्यात आम्ही एवढी माणसं उभी होतो, दर्शना. ऐकलं फक्त शकूनं.

तुझी,
गिरजाआत्या