मंडळाचे कॉम्प्युटर मराठीत

३ फेब्रुवारी

आले एकदाचे! पाच कॉम्प्युटर, पुण्याच्या कुठल्याशा संस्थेनं दान केलेले. दान कसलं — त्यांच्याकडची अडगळ! आत विंडोजऐवजी लिनक्स, आणि सगळं इंग्रजीत. महिला मंडळाच्या खोलीत उतरवले तर मंडळाचे सर्वेसर्वा नाना नारळ घेऊन हजर. फोडला तो थेट टेबलावर. पाणी कीबोर्डात. एक कीबोर्ड पूजेतच गेला.

गावातल्या बायकांना यावर मराठीत लिहिता यायला हवं. महिनाअखेरीस संस्थेच्या सोनिया मॅडम बघायला येणार. जमलं तर कॉम्प्युटर राहणार, नाही तर ते शेजारच्या शिवरे गावाला जाणार.

आणि मी पण जाणार. बाबांनी आज सांगूनच टाकलं — हे काम टिकलं तर राहा माहेरी, न्हाईतर हडपसरला आपल्या घरी. आपल्या म्हणे! जिथं रोज संध्याकाळी माझा मोबाईल तपासायला नवऱ्याच्या हातात द्यावा लागायचा, ते घर.

५ फेब्रुवारी

लोकेल म्हणजे कॉम्प्युटरला सांगायचं, बाबा रे, तू आता महाराष्ट्रात आहेस, इथली भाषा बोल, इथली तारीख दाखव. 'एमआर अंडरस्कोर आयएन' हे मराठीचं लोकेल यादीत होतं, पण झोपवून ठेवलेलं. जागं केलं, मशीन परत चालू केलं — स्क्रीनभर चौकोन! फॉन्टच नाही. नाना डोकावून म्हणाले, झालं की मराठी. धन्य!

रेंज फक्त दारात येते. उंबऱ्यावर बसून मोबाईलवरून फॉन्ट उतरवले. येणारा जाणारा विचारतोय, राजी, दारात का बसलीस, चावी हरवली का.

७ फेब्रुवारी

मराठी आली, पण कसली! पासवर्ड चुकला की म्हणतं — "प्रमाणीकरण अयशस्वी." हे भाषांतर करणारा माणूस घरी आईकडे भाकरी कोणत्या शब्दांत मागत असेल?

लॉगिनला कीबोर्ड इंग्रजीच राहत होता, तोही मराठी केला. कळांवर अक्षरं चिकटवली. प्रत्येकीचं वेगळं खातं, आणि पासवर्ड सगळ्यात सोपा — नवऱ्याचं नाव. ते कोण विसरणार! आहे की नाही डोकं?

१० फेब्रुवारी

वर्ग सुरू. आधी माझ्याच खात्यात सराव — कमळ, घर, बैल. या बायकांना अक्षर तोंडानं म्हटल्याशिवाय कळ सापडत नाही. "क कुठं गं? क... क... हितं!" बालवाडी नुसती. पण चाललं होतं झकास. मग म्हटलं, आता आपापलं खातं उघडा, नवऱ्याचं नाव टाका.

सगळ्यांनी हात मांडीवर ओढून घेतले. एकीलाही जमलं नाही!

११ फेब्रुवारी

परत तेच. सगळी मशीनं तपासली, कीबोर्ड तपासले, लोकेल नव्यानं टाकलं. काही बिघाड नाही. बनाबाईंच्या मशीनवर मीच मोठ्यानं म्हणत टाकलं — गे, नू. उघडलं की लगेच! शेजारी त्यांची सून शिवानी, तिनं तोंडात पदर कोंबला. बनाबाई खाली बघत म्हणाल्या, आमच्याच्यानं न्हाई व्हायचं बाई.

दोन अक्षरं! तीस वर्षं ज्याच्यासाठी भाकऱ्या थापल्या त्याचं दोन अक्षरी नाव जमत नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

१३ फेब्रुवारी

आज दोघीच आल्या. आता हडपसर.

घरी येऊन आईसमोर थयथयाट केला. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "अगं, म्या तरी कवा तुज्या बापाचं नाव घेतलंय का?"

खरंच की! 'अवो', 'राजीचं बाबा', फार तर 'आमचं हे'. जन्मात एकदाही नाव नाही. आणि मी त्या बायकांना सासूच्या, जावेच्या शेजारी बसवून तेच नाव मोठ्यानं म्हणत टाईप करा म्हणत होते! शिवानीनं उखाण्यात घेतलं असेल, पण सासूच्या कानाशी अक्षर अक्षर कसं घेईल?

काय हा मागासपणा! कोणत्या जमान्यात राहतात या? चिडले, चिडले, आणि मग घरोघरी जाऊन सांगून आले — पासवर्ड बदलतेय, या.

१४ फेब्रुवारी

सगळ्या आल्या. म्हटलं, आपल्या मनानं काहीही ठेवा, मलासुद्धा सांगू नका. यांना काय सुचणार, असं वाटलं होतं. तर प्रत्येकीनं पदर आडवा धरला आणि लागल्या कामाला. गुपित ठेवायचं तर अक्षर मोठ्यानं म्हणून कसं चालेल? पहिल्यांदाच खोलीत नुसता कळांचा आवाज. मला तो आवाज फार आवडला.

२७ फेब्रुवारी

सोनिया मॅडम येऊन गेल्या. गॉगल डोक्यावर, पाणी स्वतःच्या बाटलीतलं. म्हणाल्या, सगळ्यांनी पूर्ण नाव लिहून दाखवा. पूर्ण नाव म्हणजे मधे नवरा आलाच.

बनाबाईंनी ओठ मिटले आणि एकेक कळ दाबत सगळं लिहिलं. गेनूसकट. मी बघतच राहिले. नंतर हळूच विचारलं, तर म्हणाल्या, "लिवलं. घेतलं कुठं?"

मग त्यांनीच उलटं विचारलं, तुमच्या मालकांचं नाव काय वो? मी म्हटलं, हडपसरला असतात. "आवो, नाव?" मी फॉन्टचं काहीतरी बोलत सुटले. सगळ्या खो खो हसल्या. तुमीबी आमच्यावाणीच की, म्हणे!

यांच्यासारखी? या नाव घेत नाहीत, तो मान आहे. मी घेत नाही, ते काय आहे?

२८ फेब्रुवारी

मॅडम खूश, कॉम्प्युटर राहिले. नानांनी लगेच जाहीर केलं, आता शिकवायला आमचा पुतण्या बंडू. त्याला मशीन कुठून चालू होतं तेही माहीत नाही! पण नानांचा पुतण्या आहे ना, झालं. माझे आभार मानले, शाल दिली. शालही मंडळाच्या कपाटातली, डांबरगोळ्यांचा वास मारणारी.

बाबा म्हणाले, काम चांगलं झालं, पन आता तुजं हितं काय ऱ्हायलंय? उद्या सकाळच्या एसटीनं सोडतो. आईनं माझी बॅग काढून ठेवली.

१ मार्च

कुमार.

लिहिलं. आणि मग बाबांच्या समोर फोन लावून मोठ्यानं घेतलंसुद्धा — कुमार, मी येत नाही.