तुझी लाल अक्षराची गाडी आली

प्रिय सुलभा,

तुझी गाडी आली. आज सकाळी आपल्या सोसायटीच्या गेटपाशी उभी होती. ही बातमी ज्याला सांगावी असं माणूस तुझ्याशिवाय दुसरं सुचेना, म्हणून लिहायला बसलोय. एरवी मी कुठला पत्रं लिहिणारा! लग्न ठरल्यावर तुला एकच लिहिलं होतं, त्यातही अर्धं पान कंपनीतल्या बॉयलरची हकिकत होती.

विकत घेतली नाही हं. शोरूमवाल्यांनी टेस्ट ड्राइव्हसाठी दारात आणली होती.

किती वाट पाहिलीस गं त्या गाडीची! दिसायला चारचौघींसारखी छोटी हॅचबॅक, पण इंजिन भलतंच ताकदीचं. मला समजावं म्हणून तू म्हणाली होतीस, "साधी सुती साडी नेसलेली बाई, पण कबड्डीत उतरली की कुणाला ऐकत नाही, तशी आहे ही." भारतात येणार म्हणून बातमी आली, तू फोनवरूनच शोरूममध्ये नाव नोंदवलंस आणि मग नुसत्या तारखा पुढे जात राहिल्या. शाळेतून निवृत्त झाल्यावरची ती तुझी पहिली चैन होणार होती. मी म्हणालो, "या वयात?" तू म्हणालीस, "मग काय, पुढच्या जन्मी?"

थोडं थांबली असतीस तर काय बिघडलं असतं? गणिताच्या बाई ना तू? वेळेचा हिशोब असा कसा चुकला तुझा?

मला गाडी चालवता येत नाही, हे आपल्या संसारातलं उघडं सत्य. लोक हसायचे. बायको स्टिअरिंगवर आणि नवरा शेजारी डबा मांडीवर घेऊन! पण मला काम होतं. अंबरनाथहून बदलापूरकडे निघालो की रस्त्यावरची नजर न हलवता तू हुकूम सोडायचीस, "अहो, पुढच्या गाडीच्या पाठीवर काय लिहिलंय वाचा." मी 'टीडीआय' अशी अक्षरं वाचायचो, तू उलगडायचीस. टी म्हणजे टर्बो. आय म्हणजे इंजेक्शन. डी म्हणजे डिझेल, असं मी मोठ्या ऐटीत म्हणालो होतो तेव्हा तू केवढी हसलीस! "डायरेक्ट हो, डायरेक्ट! डिझेल कसलं?" आणि शेवटचा आय लाल रंगाचा असला की तुझी कळी खुलायची. काही कंपन्या जास्त ताकदीच्या इंजिनाला तसं लाल अक्षर देतात म्हणे. तुझ्या भाषेत, "या आयनं कुंकू लावलंय, हिला वाट द्या."

तसल्या अक्षरांचा तुला मान होता. उल्हासनगरला सीट कव्हर घ्यायला गेलो होतो, आठवतं? दुकानदार आपल्या म्हाताऱ्या गाडीकडे बघून म्हणाला, "मॅडम, पीछे टर्बो का लोगो लगा दूँ? एकदम ओरिजिनल दिखेगा." तू म्हणालीस, "भाऊ, उद्या मी माझ्या नावापुढे डॉक्टर लावलं, तर अपेंडिक्सचं ऑपरेशन माझ्याकडून करून घ्याल का?" तो बिचारा सीट कव्हरवर सूट देऊन मोकळा झाला.

सुलभा, हल्ली माझ्या पाठीवर लोकांनी एक खोटा लोगो चिकटवलाय. 'खंबीर.' जो भेटतो तो म्हणतो, फार खंबीर राहिलात हो तुम्ही. आत काय आहे ते कुणी बघत नाही. खरं सांगायचं तर आत काहीच नाही. दुःखसुद्धा नाही. सकाळी उठतो, दूध तापवतो, पेपर उघडतो, मिटतो. तुझा फोटो समोर आहे, त्याला हार आहे, मी बघतो आणि पुढे जातो. स्मशानात रडलो नाही, बाराव्यालाही नाही. मला माझीच भीती वाटते कधीकधी.

तू गेलीस तेव्हा सगळ्यांना फोन आपल्या लेकाने, निनादने केले. शाळेत, बँकेत, तुझ्या माहेरी. मी नुसता बाजूला बसून होतो. तुझ्या फोनवर शोरूममधून फोन यायचे, ते मात्र कुणाच्या लक्षात नव्हते. उल्हासनगरची ती रोशनी. पहिल्यांदा आला तेव्हा मी उचलला आणि तिनं विचारलं, "मॅडम आहेत?" मी म्हणालो, "घरी नाहीये." खोटं नव्हतं ते. मग दर वेळी तेच म्हणत गेलो. तू जाऊन महिने झाले, पण निदान एका माणसाच्या लेखी तू बाहेर गेली होतीस आणि परत येणार होतीस. परवा ती आनंदाने ओरडलीच, "काका, गाडी आली! रविवारी घरी घेऊन येते, मॅडमला सरप्राइज!" मी बरं म्हणालो. का म्हणालो? मला माहीत नाही.

आज ती आली. आपल्या निनादपेक्षा लहान असेल. गाडी लालभडक, मागे तीन अक्षरं, पोरं गोळा झालेली. रोशनीनं वर बाल्कनीकडे बघितलं. "काका, मॅडम तयार होतायत का? मी सेल्समध्ये नवीन होते ना, तर बॅजमधला आय कशासाठी असतो ते पण मॅडमनीच मला फोनवर सांगितलं होतं. कसम से, त्यांना पहिला राऊंड देणार."

आणि मी म्हणालो, "सुलभा गेली, बाळ."

"कुठे गेल्या?"

तिचं काय चुकलं? मीच इतके दिवस तसं सांगत आलो होतो. मग मला ते दुसऱ्यांदा, नीट सांगावं लागलं. वारली म्हणालो. हा शब्द मी आजवर तोंडाने उच्चारला नव्हता.

ती पोर रडायला लागली, सुलभा! गेटवर, सगळ्यांदेखत. तुला कधी पाहिलेलंही नाही तिनं. मी वॉचमनकडून पाणी आणून दिलं, पाठीवर थोपटलं, होतं असं, म्हणालो. माझे डोळे कोरडे. उलटंच झालं ना सगळं?

"काका, एक राऊंड तरी बसा. मॅडमसाठी." मी डावीकडे बसलो. ती कुळगावच्या दिशेनं निघाली. गाडीचा आवाज तुला आवडला असता, ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मागून फटाक्याची लड लागल्यासारखा. मला काही वाटलं नाही. पुढे एक मोठी पांढरी गाडी होती. माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "सीआरडीआय."

"म्हणजे काय काका?"

उजवीकडून उत्तर यायचं होतं, तिथून प्रश्न आला. मग मीच म्हणालो, "कॉमन रेल, डायरेक्ट इंजेक्शन." बरोबर आहे ना गं? ती पांढरी गाडी वळून दिसेनाशी झाली तरी मी तेच शब्द पुन्हा पुन्हा पुटपुटत होतो. इतक्या महिन्यांत काहीतरी झालं ते तेवढंच.

परत आल्यावर तिनं टॅब उघडला. वेटिंग लिस्ट तिला सरांना द्यायची होती. नाक पुसत, अपराध्यासारखं विचारलं, "काका, मग मॅडमचं नाव काढू?"

सुलभा, घरात तुझं नाव कुणी काढत नाही. मला त्रास होईल म्हणून. निनाद फोनवर हवापाण्याचं बोलतो, तुझ्या बहिणी आल्या तर चहा पिऊन जातात, सगळे 'ते झाल्यापासून' म्हणतात. आणि मीही त्यांना तसंच वागू दिलं, कारण ते सोपं होतं. आणि ही परकी पोर मला विचारत होती, नाव काढू का?

"काढ," मी म्हणालो. तिनं बोट फिरवलं. झालं.

आता ऐक. निनादचा फोन येईल, नेहमीसारखं विचारेल, बाबा, जेवलात का? मी सांगेन, जेवलो, आणि आज सुलभाची गाडी आली होती. तो विषय बदलेल. बदलू दे. मी बोलत राहीन. तिनं यादीतून तुझं नाव काढलं, मी घरात काढेन. रोज काढेन. रडू आलं तरी आणि नाही आलं तरी.

तुझा,
अहो