टेस्टमध्ये रोही नव्हता

९ नोव्हें., रवि.
गाडी आली. पांढरी. हे दुपारपासून पुसताहेत, काच झिजेल आता. मागच्या पावसाळ्यात आमच्या पूनमच्या स्कूटीवर रोही, नीलगाईचा दांडगा नर, येऊन आदळला, पोरीच्या गळपट्टीचं हाड मोडलं. तेव्हापासून ह्यांचा एकच ध्यास: आमची नर्सबाई उपकेंद्रात जाईल तर चार चाकांवर, आणि तेही पाच स्टारवाल्या गाडीत. जेवतानासुद्धा मोबाइलवर क्रॅश टेस्टच्या गाड्या भिंतीवर आपटत असत. आत बसवलेले ते पिवळे पुतळे मला आता सोयऱ्यांइतके ओळखीचे झालेत.
विनोद, शोरूममधला, आमच्याच बंजारा तांड्यातला. पेढ्याचा डबा देत म्हणाला, "काकू, मायलेज बावीसचं हाये."

१३ नोव्हें.
पंधरा पडलं. ह्यांनी शेजारी एकोणीस सांगितलं. मी डोळे वटारले, तर म्हणे, "कंपनी बावीस सांगून राह्यली. म्या तं तीन कमीच केले न!"
पोळ्या लाटल्या.

१६ नोव्हें., रवि.
गाडीला पुढून गार्ड बसवून आणलं. जाड लोखंडी. न विचारता. विनोदनंच दुकान दाखवलं म्हणे, शोरूमच्या मागच्या गल्लीत. बंदी आहे असं ऐकते, पण इकडे अर्ध्या गाड्यांना असतंच. तुरीत रोही, कपाशीत डुकरं, मग माणूस लोखंड लावणार नाही तर काय.
पूनम खूष. "याडी, आता कशाचीच भीती नाही."
खरं सांगायचं तर तिच्या आईला, म्हणजे मलाही बरं वाटलं. गाडी जरा रागीट दिसते एवढंच.

१९ नोव्हें.
मधल्या सुट्टीत माझ्या शाळेतल्या देशमुख मॅडम रडल्या. त्यांच्या भावाची गाडी कापसाच्या उभ्या ट्रॉलीवर गेली. एअरबॅग उघडलीच नाही. वाचला, पण नाक, वरचे दात, जबडा... गाडी चांगली होती, स्टारवाली. पुढे गार्ड होतं. त्यामुळंच झालं का, ते कोणी ठामपणे सांगत नाही. मेकॅनिक म्हणाला, होऊ शकते. धक्का गार्डनं खाल्ला की आतल्या सेन्सरला उशिरा कळतं.
नंतरच्या तासाला चौथीला काय शिकवलं, आठवत नाही. पूनम घरी येईपर्यंत फाटकाशी उभी होते.

२२ नोव्हें., शनि.
यवतमाळला जाऊन विनोदला गाठलं. सरळ विचारलं: "ते पाच स्टार दिले तेव्हा गाडीला गार्ड होतं का?"
"नाही न काकू."
"मग लावल्यावर किती उरले?"
डोकं खाजवलं, आणि म्हणाला, "टेस्टमध्ये रोही बी नव्हता, काकू."
हसूच आलं मला. त्यालाही. जिना उतरताना मात्र संताप आला. परत वर गेले. म्हटलं, "तुझी बहीण चालवत असती तर लावलं असतंस?" पोरगा पेढ्यांचे डबे रचू लागला. मग हळूच, "गिऱ्हाईक मांगते, म्या दुकान दाखवतो. मले काय कळते त्यातलं."
कंपनीच्या नंबरवरही बोलले. मुलगी गोड होती. अधिकृत सामानच वापरा, म्हणाली. बरं, पण रोहीचं काय? त्यासाठी जवळच्या विक्रेत्याशी संपर्क साधावा. म्हणजे पुन्हा विनोद!
चुना लावायचा तर असा, हात कोणाचे दिसू नयेत.

२३ नोव्हें.
ह्यांच्याशी वाजलं. मी म्हटलं, कुंपणच शेत खायला लागलं तर? हे म्हणाले, "पोरीचं हाड कोनं मोडलं व्हतं? रोहीनं का एअरबॅगनं?"
चहा दिला, त्यांनी घेतला नाही.
आपले लोक बैलांच्या पाठीवर मीठ लादून कुठून कुठे जायचे. त्यांना कोणी स्टार दिले नव्हते. पण वाटेत वाघ आहे की नाही, हे आधी गेलेला मागच्याला खरं सांगत असणार. नाहीतर तांडेच उरले नसते. (जास्त झालं. पण लिहिलं ते लिहिलं.)

३० नोव्हें., रवि.
हे सकाळी न सांगता कुठे गेले होते. आल्या आल्या पाना घेतला, आडवे झाले आणि गार्ड काढलं. मी विचारलं, काहून? जेवताना म्हणाले, "देशमुख बाईच्या भावाले पाहून आलो. नळीनं दूध पिऊन राह्यला बिचारा."
गार्ड भिंतीला टेकवून ठेवलंय.

५ डिसें., शुक्र.
पूनम रोज उशिरा येते. गार्ड होतं तेव्हा ऐंशीनं यायची, आता पन्नासनं. मला वाटलं, छान झालं. भीती कामाला आली.
आज आली ती पांढरीफटक. जंगलाच्या तुकड्यात रोह्यांचा कळप रस्त्यात उभा. ब्रेक दाबला, थांबली. मागून ट्रक, त्यानं कसाबसा बाजूनं काढला, शिव्या देऊन गेला. "पह्यले लोखंड समोर दिसे तं बिनधास्त वाटे न, याडी. आता दर झाडामागं रोहीच दिसतात."
तिचे हात माझ्या हातात घेतले.
हे भिंतीकडे बघत बसले.

८ डिसें., सोम.
सकाळी डबा भरत होते. पूनम दारात चप्पल घालता घालता म्हणाली, "बा म्हणतात, तू म्हणशील तसं करू. लावाचं का गार्ड? सांग न."
विनोद, कंपनी, हे, सगळ्यांच्या मागे लागले होते मी, खरं बोला म्हणून. आता पोर माझ्याकडे बघत होती. लाव म्हटलं असतं तर हसत गेली असती. नको म्हटलं असतं तरी ऐकलं असतं, माझ्यावर विश्वास आहे तिचा.
म्हटलं, "मले नाही माहीत, बेटा."
तिनं दुसरी चप्पल घातली. मग डबा घेतला. "हळू जातो," म्हणाली.
बेल्ट लावल्याचा आवाज दारापर्यंत आला. गाडी वळली. आता सहापर्यंत माझा जीव फाटकाशी.