टँकर दोन, बॅटरी एक

आबा, तुम्ही जाऊन सतरा वर्षं झाली. परदेशातल्या शांतिसेनेत पाण्याचा टँकर चालवायचात. तिथून सुटीवर यायचात तेव्हा चुडाव्याच्या स्टेशनावर उतरायचात, आणि घरात आल्या आल्या निळी टोपी चुलीजवळच्या खुंटीला अडकवायचात. शाळेआधी मला अक्षरं तुम्हीच शिकवलीत, टँकरच्या जुन्या नोंदवहीतली. एकदा रांजण भरलाय का ते बघून वहीत लिहायला सांगितलंत. मी न बघताच 'भरला' लिहिलं. तुम्ही ओरडला नाहीत, माझा हात धरून कोरड्या रांजणात घातलात. "डोळ्यानं बघितल्याबिगर लिहायचं न्हाई, माय. आता तहान लागली की वही पी."

अजून डोळ्यांपुढं आहे: त्याच चुलीपुढं आई भाकरी थापतेय आणि तुम्ही तिला सांगताय, "तपासणीचा साहेब गाडी चालू करूनच बघतो. चालू असंल तरच तिचं भाडं भेटतंय. आमचे टँकर दोन, बॅटरी एक. एक दाखवला, साहेब चहाला वळला, की बॅटरी काढून दुसऱ्यात. दोनी पास."

"मंग दुसऱ्या टँकरनं पाणी कसं नेलं ओ?"

"ते साहेबानं इचारलंच न्हाई."

आपण लय हसलो. सगळ्यात जास्त मी.

आता मी दिल्लीत तेच कागद तपासते. बाहेरच्या मोहिमांवरची आपली वाहनं चालू असतील तरच संयुक्त राष्ट्रांकडून सरकारला त्यांचे पैसे मिळतात, आणि ती मागणी पुढं जाण्याआधी माझ्या टेबलावर येते. गेल्या आठवड्यात दोन टँकरांचे फोटो आले. शेरा दोन्हींवर 'चालू'. बॅटरी मात्र एकच, कोपऱ्याला तोच तडा. तीन दिवस मी ती फाईल उघडत होते, मिटत होते. लिहिलं तर जाब ड्रायव्हरलाच विचारतील, आणि त्याच्याही घरी कुणीतरी हसणारं असेल. पण आईचा प्रश्न डोक्यातून जाईना. शेवटी लिहिलं: एक टँकर बंद, नवी बॅटरी तातडीनं पाठवावी.

टोपी आता माझ्या कपाटात आहे. हे पत्र घडी करून तिच्यातच ठेवणार आहे.

माझ्या ऑफिसातल्या साहेबांनी विचारलं होतं, हे तुमच्या लक्षात आलं कसं? मी म्हटलं, फोटो नीट बघितले. ते खोटं नव्हतं आबा, पण पुरतं खरंही नव्हतं. तुमचं नाव मी सांगितलं नाही.