मिस्त्रीचा अरुंद पंख

आये, तरी त्या दिवशी बाजारात सगळ्यांदेखत तू मला तसं बोलायला नको होतंस. सोळा वर्षांचा होतो मी, शाळा सोडून बसलेला. बाजूची बाई बांगड्याचा वाटा पन्नासला देते म्हणून मी आपला चाळीसला देऊन टाकला. आरे-वारेच्या किनाऱ्यावर फिरायला निघालेली गाडीवाली माणसं पिशवी भरून हसत गेली. तू म्हणालीस, "मेल्या, तिच्या वाट्यात बांगडे चार, आपल्या वाट्यात दहा. वाटा केवढा ते बघायच्या आधी दर कसला बोलतोस?" बाजूची बाई म्हणाली, "राहू दे गो, शिकेल." तू म्हणालीस, "शिकतोय कुठला. उद्या टोपलीपण देऊन येईल." सगळ्या हसल्या. मी त्या दिवशी जेवलो नाही. पुढच्या वर्षी तू गेलीस, आणि भांडण एकट्या माझ्याकडे राहिलं.

आता मी कोइम्बतूरला आहे, बिनमाणसाची छोटी विमानं बनवतात त्या कारखान्यात. आधी फायबरचं काम करायचो, मग इथल्या इंजिनियर मॅडमनी कॉम्प्युटरवर बसवलं, कुठलं बटण कधी दाबायचं ते शिकवलं. पंखाचा एक काप घ्यायचा, भाकरी मोडल्यावर कड दिसते तसा, आणि कॉम्प्युटरातच त्याच्यावरून वारा सोडायचा. शेवटी एक आकडा येतो. तो मोठा तर पंख चांगला उचलतो, एवढंच मला ठाऊक. आमचा मिस्त्री, ओडिशाचा वयस्कर माणूस, त्याने लाकडाचा साचा तासून एक अरुंद पंख केला. मालकांना तो नको होता, पण मिस्त्री हट्टाला पेटला. मी वारा सोडून बघतो तर आकडा पॉइंट दोन सात. जुन्या रुंद पंखाचा पॉइंट आठ. मिस्त्री म्हणतो, "परत बघ रे बेटा." परत बघितलं, तेच. मालक म्हणाले, लाकूड गेलं, वेळ गेला. त्याला घरी पाठवलं. जाताना त्याने आपली पटाशी माझ्या हातात दिली, म्हणाला, तुला लागेल.

गेल्या सोमवारी मॅडम दुसऱ्या कामासाठी मिस्त्रीच्या पंखाची तीच फाइल उघडून बसल्या. मग विचारलं, "एरिया काय भरलास तू?" मी म्हटलं, "बटण दाबलं की सगळं आपोआप भरतं ना." त्या म्हणाल्या, "वाऱ्याचा वेग भरतो, हवेची डेन्सिटी भरते. एरिया भरत नाही, तो आपण टाकायचा." कापाची लांबी एक मीटर धरलेली असते, म्हणून एरिया म्हणजे त्या पंखाची रुंदीच, आणि उचलायच्या ताकदीला तिनेच भागून तो आकडा येतो. जुना पंख एक मीटर रुंद, तिथे एक बरोबर होता. मिस्त्रीचा तीस सेंटीमीटर, आणि तिथेही एकच राहून गेला. वारा बरोबर, उचलायची ताकद बरोबर, नुसतं भागलं चुकीच्या रुंदीने. मॅडमनी पॉइंट तीन टाकला. वारा परत सोडावाही लागला नाही, आकडा झाला पॉइंट नऊ. समोर पॉइंट नऊ दिसतंय आणि डोक्यात तुझे बांगडे. भर बाजारात सांगितलं होतंस, आणि मी इतकी वर्षं तू ओरडलीस तेवढंच धरून बसलो.

मॅडमनी मालकांना लगेच सांगितलं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तूच फोन कर त्याला. परत ये म्हणावं." तेव्हापासून नंबर काढतो, बघतो, ठेवून देतो. तो विचारणार, बेटा, तू दोनदा बघितलं होतंस ना? बघितलं होतं, आये, आणि दोन्ही वेळा त्या रकान्याकडे नजरच गेली नाही. तू असतीस तर नंबर लावून फोन माझ्या कानाला धरला असतास. हा कागद काय, उशाखालीच राहील. फोन अजून केलेला नाही मी. मोबाइलवरून त्याला पैसे पाठवतोय, कशाचे ते न लिहिता. चार हजार.